नाशिककरांचे दोन दरवाजे

आमच्या गावात एक वाक्य फार ऐकू येतं. "आम्ही मूळचे नाशिकचे हो!" भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या सभेत, कुठेही. बोलणाऱ्याची मान जरा ताठ होते आणि ऐकणारा जर सिडकोत किंवा इंदिरानगरला पंचवीस वर्षांपूर्वी राहायला आलेला असेल, तर तो बिचारा गप्प बसतो. पुढे मग ठरलेलं असतं. बाहेरच्यांनी गाव बिघडवलं, पूर्वी असं नव्हतं, वगैरे वगैरे.

असं म्हणण्याचा अधिकार कुणाला असेल तर तो मला आहे. माझं माहेर तिवंध्याजवळच्या बोळातलं आणि सासर पंचवटीतलं. लग्न होऊन मी नदी ओलांडली, एवढाच काय तो माझा आयुष्यातला प्रवास! पंचाहत्तरीकडे झुकले तरी कुठल्या दुसऱ्या गावात सलग महिनाभर राहिल्याचं आठवत नाही. भाच्या-पुतणे अमेरिकेपर्यंत पोचले, मी आपली गंगेच्या या काठावरून त्या काठावर. (बाहेरच्या मंडळींसाठी सांगते, आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. "गंगेवर जाऊन येते" म्हणजे हरिद्वारला नव्हे, रामकुंडावर. बुधवारचा बाजारही गंगेवरच भरतो.)

पण तीसेक वर्षं शाळेत इतिहास शिकवला, त्याचा एक तोटा होतो. "मूळचे" म्हटलं की लगेच मनात येतं, मूळचे म्हणजे कधीपासूनचे?

म्हणून म्हटलं, चला, या प्रश्नाचा जरा शोध घेऊ. नाशिककर म्हणजे नक्की कोण?

पहिला पुरावा मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या डोंगरात आहे. त्रिरश्मी डोंगर, म्हणजे आपली पांडवलेणी. पांडवांचा संबंध नावापुरता, ही बौद्ध लेणी आहेत, एकूण चोवीस. शाळेची सहल दरवर्षी तिथे जायची आणि मुलांचं लक्ष डब्याकडे असायचं. पण मी त्यांना एकोणिसाव्या लेण्यापाशी थांबवायचेच. ते लेणं लहान आणि साधं आहे. सातवाहन कुळातल्या कन्ह (म्हणजे कृष्ण) राजाच्या काळात नाशिकच्या एका महामात्रानं, म्हणजे मोठ्या अधिकाऱ्यानं, ते कोरवून घेतलं, असं तिथल्या लेखात आहे. हा राजा इसवी सनापूर्वीचा. त्या प्राकृत लेखात अधिकाऱ्याच्या ओळखीसाठी शब्द वापरलाय तो "नासिकक" या रूपातला. नासिकक म्हणजे नाशिकचा, नाशिककर! दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसानं आपली ओळख गावावरून सांगितली आणि ती दगडात राहिली. मुलांना हे सांगितलं की एखादा तरी म्हणायचा, "बाई, म्हणजे तो आपलाच की!"

शेजारीच अठरावं लेणं आहे, ते चैत्यगृह. त्याच्या दर्शनी दरवाजावर एक छोटासा लेख आहे. नासिककांच्या, म्हणजे नाशिककरांच्या, धंभिक गावानं हे दान दिलं, एवढाच मजकूर. राजा नाही, राणी नाही, एका माणसाचंसुद्धा नाव नाही. गावानं मिळून खर्च केला आणि दरवाजा घडवून दिला. नाशिककरांनी सगळ्यांसाठी उभा केलेला हा दरवाजा. तो लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता या डोंगरावर आणखी कोणाकोणाची नावं आहेत ते पाहा. दहावं लेणं उषवदाताचं. हा नहपान क्षत्रपाचा जावई, जातीनं शक, म्हणजे उत्तरेकडून आलेला परका. त्यानं भिक्षूंना लेणं दिलं आणि त्यांच्या खर्चासाठी तीन हजार कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक व्याज, उरलेल्या हजारावर शेकडा पाऊण. अट अशी की मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज खर्चायचं. दोन हजारांच्या व्याजातून वर्षावासात राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण कपड्यांसाठी. करा बरं हिशेब! महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस, आणि वीस गुणिले बारा दोनशे चाळीस. पै न पै जुळते. हा व्यवहार निगमसभेत सगळ्यांना ऐकवून फळ्यावर नोंदवला, असंही लिहून ठेवलंय. म्हणजे आजच्या मुदत ठेवीपेक्षा काही कमी नाही. एक परका सरदार आपली रक्कम इथल्या विणकरांकडे निर्धास्तपणे ठेवतो, यावरून त्या विणकरांची पत काय असेल ते समजावं.

त्याच लेण्याच्या अंगणातल्या भिंतीवर नंतरच्या आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला एक लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या एका शक बाईनं कुंभार, पाण्याची यंत्रं करणारे आणि तेली यांच्या श्रेणींकडे पैसे ठेवले. कशासाठी? आजारी भिक्षूंच्या औषधासाठी. सतराव्या लेण्याचा दाता तर उत्तरेकडून आलेला यवन, धर्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त. यवन म्हणजे ग्रीक वंशाचा.

आणि मग गौतमीपुत्र सातकर्णी. त्यानं नहपानाचा पाडाव केला. नाशिकजवळ जोगलटेंभीला १९०६ मध्ये नहपानाच्या तेरा हजारांहून जास्त नाण्यांचा साठा सापडला, त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्रानं आपला ठसा मारून घेतलाय. नाण्यावर ठसा मारला, पण उषवदाताचा लेख कुणी फोडला नाही. उलट, पूर्वी उषवदाताच्या वहिवाटीत असलेलं शेत गौतमीपुत्रानं डोंगरावरच्या भिक्षूंना दिलं, तसा लेख तिसऱ्या लेण्यात आहे. त्याची आई गौतमी बलश्री हिनं मुलाच्या पराक्रमाचा मोठा लेखही तिथेच कोरवला. जिंकलेला आणि हरलेला, दोघेही एकाच डोंगरावर काही पावलांच्या अंतरावर. मला याचं फार अप्रूप वाटतं.

गावात या. नाशिक नव टेकांवर वसलं असं जुने लोक सांगतात. टेक म्हणजे टेकाड. जुनी गढी, नवी गढी, डिंगर आळी, चित्रघंटा, म्हसरूळ टेक... आणि त्यातच पठाणपुरा आणि कोकणीपुरा. नावंच सांगतात, कोणी पठाण आले, कोणी कोकणातून आले आणि टेकावर वस्ती करून राहिले. मुसलमानी अमलात गावाचं नाव गुलशनाबाद होतं, पेशवाईत ते पुन्हा नाशिक झालं. पेशवाईनं गावाला देवळं, घाट आणि वाडे दिले. सुंदरनारायणाचं देऊळ १७५६ चं, चंद्रचूडांनी बांधलेलं. नारोशंकराचं १७४७ चं, त्याची घंटा वसईच्या विजयातली. राघोबादादांची आनंदीबाई आनंदवल्लीला राहिली, माधवरावांची आई गोपिकाबाई इथेच गंगेकाठी शेवटचे दिवस काढून १७८८ मध्ये गेली. हे सगळे आमच्या आळीतले लोक "आपले" म्हणून सांगतात, पण मूळचे नाशिकचे त्यातले किती?

इंग्रजी अमलातही तेच. सार्वजनिक वाचनालय १८४० चं, नगरपालिका १८६४ ची. रेल्वे आली ती गावापासून आठ-नऊ किलोमीटर लांब, म्हणून गावातून स्टेशनापर्यंत घोड्यांची ट्राम होती. माझी आजी त्या ट्रामची गोष्ट रंगवून सांगायची. पुढे नाशिकरोडला १९२५ च्या सुमारास सिक्युरिटी प्रेस सुरू झाला. तोवर हिंदुस्थानची तिकिटं लंडनहून छापून येत, ती आता नाशकात छापली जाऊ लागली. १९२८ पासून नोटाही. भोवताली कामगारांची वस्ती वाढली. फाळणीनंतर देवळालीला सिंधी मंडळी आली. सातपूरला १९६० च्या दशकात कारखाने आले, ओझरला १९६४ मध्ये मिग विमानांचा. १९८२ मध्ये महापालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार भरली. तिवंध्यातल्या आणि पंचवटीतल्या जुन्या घरांची डोकी मोजली तर ती या आकड्यात मिठाएवढी!

ज्यांच्यामुळे नाशिकचं नाव झालं ते तरी कुठले? २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात "शारदा" नाटकाच्या वेळी कलेक्टर जॅक्सनवर गोळी झाडणारा अनंत कान्हेरे रत्नागिरीकडचा, शिकायला औरंगाबादला. वय अठरा. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याला त्याला कर्वे आणि देशपांड्यांसह फाशी दिलं. आमच्या मोठ्या मैदानाला त्याचं नाव आहे, पण आम्ही अजून "गोल्फ क्लब" म्हणतो, ते एक असोच. वसंत कानेटकर साताऱ्याकडचे, इथल्या कॉलेजात शिकवायला आले आणि इथलेच झाले. तात्यासाहेब शिरवाडकरांचा जन्म पुण्याचा. दादासाहेब फाळके मात्र आमच्या त्र्यंबकचे. सगळं जग फिरून अखेर १९४४ मध्ये नाशकातच त्यांनी डोळे मिटले.

इथवर लिहून थांबता आलं असतं. नाशिक कसं सगळ्यांना सामावून घेतं, असं म्हणून मोकळं व्हायचं. आमच्याकडे भाषणांत असंच म्हणतात. पण इतिहास शिकवणाऱ्या बाईला एवढ्यावर थांबता येत नाही. कारण याच गावात ज्यांना कुणी "बाहेरचे" म्हणू शकत नव्हतं, ज्यांचे खापरपणजोबा इथल्याच मातीत राबले, त्यांच्या तोंडावर एक दरवाजा बंद झाला होता. काळारामाचा.

काळाराम मंदिर अठराव्या शतकाच्या अखेरीचं, सरदार ओढेकरांनी बांधलेलं. काळ्या दगडाचं, चहूबाजूंनी तट आणि चार दिशांना चार दरवाजे. माझ्या सासरपासून चालत पाच मिनिटांवर. २ मार्च १९३०, रविवार. डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली नाशकात परिषद भरली आणि मग हजारो लोकांची मिरवणूक मंदिराकडे निघाली. जवळजवळ मैलभर लांब, शिस्तीत, बायकाही त्यात. मंदिराचे दरवाजे बंद होते आणि बाहेर पोलीस. मिरवणूक तिथून गोदावरीच्या घाटावर गेली आणि तिथे सभा झाली. दुसऱ्या दिवसापासून सत्याग्रह सुरू झाला. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया. चारही दरवाजांपुढे ते बसून राहिले. सगळी आखणी भाऊराव उर्फ दादासाहेब गायकवाडांची. ते दिंडोरी तालुक्यातल्या आंब्याचे, वय अठ्ठावीसच्या आत. अमृतराव रणखांबे, पां. ना. राजभोज असे आणखी कितीतरी.

आमच्याकडे रामनवमीनंतर एकादशीला रथ निघतात, रामरथ आणि गरुडरथ. त्या वर्षी ९ एप्रिलला दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून रथ ओढायचा असं ठरलं होतं. पण सत्याग्रहींचा हात लागायच्या आत रथ पळवून नेला आणि दगडफेक सुरू झाली. कितीतरी लोक रक्तबंबाळ झाले. बाबासाहेबांनाही लागलं. आणि शिक्षा नुसती मंदिरापाशी संपली नाही, आसपासच्या खेड्यांतून अस्पृश्यांचे रस्ते, पाणी, वाणसामान अडवण्यात आलं. सत्याग्रह चालूच राहिला, चार वर्षं. १९३४ मध्ये बाबासाहेबांनी तो थांबवायला सांगितलं, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला आमच्याच जिल्ह्यातल्या येवल्याला त्यांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. मंदिरप्रवेशाचा कायदा व्हायला १९४७ उजाडलं.

माझ्या आजीनं मला ट्राम सांगितली, विजयानंदमधली गोळी सांगितली, तिच्या लहानपणचे पूर सांगितले. १९३० साली ती तरुण होती. त्या सालाबद्दल तिच्या तोंडून मी एकच वाक्य ऐकलं, "त्या वर्षी रथ काही नीट निघाला नाही हो." एवढंच. आमच्या आळीची आठवण एवढीच. मी मोठी झाले, पुस्तकं वाचली, तेव्हा कळलं त्या एका वाक्याखाली काय झाकलं होतं.

नोकरीतली एक गोष्ट सांगते. नववीच्या वर्गात हा धडा आला. पुस्तकात दोन-तीन ओळीच होत्या. मी तारीख सांगितली, आकडे सांगितले, चार दरवाजे फळ्यावर काढून दाखवले. मागच्या बाकावरचा एक मुलगा, कधी तोंड न उघडणारा, उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, माझे पणजोबा उत्तर दरवाजाला होते." वर्ग एकदम शांत. मी म्हटलं, "मग पुढचं तू सांग." त्यानं सांगितलं. उन्हात बसल्यावर पणजोबांना तहान लागायची, पाणी मिळायचं नाही, घरून पणजी मडकं डोक्यावर घेऊन यायची, आणि ती कुठून किती लांबून यायची ते. पाच मिनिटं बोलला असेल. माझ्या सगळ्या नोकरीत इतिहासाचा याहून चांगला तास झाला नाही, आणि तो मी घेतलेला नव्हता.

त्या मुलाच्या घरात ती आठवण मडक्यापर्यंत शाबूत होती, आमच्या घरात तिचं एक वाक्य उरलं होतं. गाव एक, साल एक, आणि अंतर गंगेच्या पात्राएवढंसुद्धा नाही. मग "मूळचे नाशिककर" नक्की कोण, सांगा बरं?

सुदैवानं त्या काळातल्या सगळ्याच घरांचे दरवाजे बंद नव्हते. आमचे तात्यासाहेब, म्हणजे कुसुमाग्रज, कॉलेजात शिकत होते तेव्हा या सत्याग्रहात सामील झाले होते. विशीच्या आतबाहेरचा मुलगा, अजून कुणी कुसुमाग्रज म्हणून ओळखतही नव्हतं. पुढे त्यांना १९८७ चा ज्ञानपीठ मिळाला, त्यांच्या टिळकवाडीतल्या घरी सगळं गाव आपलेपणानं जाऊन यायचं. पण माझ्या लेखी त्यांचं नाशिककरपण सिद्ध झालं ते त्या दरवाजापाशी, पुरस्काराच्या फार आधी. आणि दादासाहेब गायकवाड पुढे लोकसभेत गेले, भूमिहीनांसाठी त्यांनी १९५९ आणि १९६४ मध्ये मोठे सत्याग्रह केले. आज त्यांच्या नावाचं सभागृह गावात आहे. तिथे लग्नकार्यं होतात, भाषणं होतात. आत जाताना किती जणांना त्यांचं आणि काळारामाचं नातं आठवतं, कोण जाणे.

गोदामाई मात्र हा भेद मानत नाही. पूर आला की दुतोंड्या मारुतीच्या अंगावर पाणी कुठवर चढलं ते आम्ही मोजतो. कमरेला, छातीला, गळ्याला. एकोणसत्तरचा महापूर मी पाहिलाय, २००८ चाही. पाणी सराफबाजारात शिरतं, दहीपुलावर शिरतं, झोपडीत शिरतं, देवळात शिरतं. त्या रात्री दोर कोण टाकतं आणि मुलं कोण खांद्यावर घेतं, याचा हिशेब कुणी आडनाव विचारून ठेवत नाही. एकोणसत्तरला आमच्या वाड्यात चार दिवस अकरा कुटुंबं राहिली. पिठलं-भात एकाच पातेल्यात शिजत होता. पाणी ओसरल्यावर पुन्हा जो तो आपापल्या चुलीपाशी गेला, तेही खरंच. पण चार दिवस झालं ते बाराही महिने होऊ शकतं, एवढं मला तेव्हा समजलं.

या गावावर माझा फार जीव आहे, हे वेगळं सांगायला नको. रंगपंचमीला रहाडीत उड्या मारणारी पोरं, पावसाळ्यात रामकुंडावरचं लालसर पाणी, तांबट आळीतले ठोके, चिवड्याचा वास, द्राक्षांच्या दिवसांतल्या हातगाड्या... डोळे मिटले तरी सगळं दिसतं. पण ज्याच्यावर जीव आहे त्याचं सगळं माहीत असावं लागतं. आपल्या माणसाचे गुण तेवढे सांगायचे आणि बाकी झाकायचं, ते सोयरीक जुळवताना करतात. घरच्या माणसानं तसं करू नये.

म्हणून माझ्यापुरतं मी उत्तर ठरवून टाकलंय. नाशिकला काही देऊन गेला तो नाशिककर. मग तो शक असो, यवन असो, प्रेसमध्ये लागलेला कामगार असो की काल उत्तरेकडून बांधकामावर आलेला गवंडी. आणि ज्याला नाशिकनं दिलं नाही तरी ज्यानं गाव सोडलं नाही, दरवाजापुढे उन्हात बसून "हे माझंही आहे" म्हटलं, तो तर सगळ्यांत मूळचा.

दरवर्षी २७ फेब्रुवारीला, तात्यासाहेबांच्या जन्मदिवशी, आमच्याकडे मराठी भाषा दिनाचा मोठा थाट असतो. त्यानंतर तीनच दिवसांनी २ मार्च येतो. नाशकात आलात तर एका दिवसात दोन्ही दरवाजे बघा. सकाळी ऊन चढायच्या आत पांडवलेण्यांवर जा, अठराव्या लेण्याच्या दारात जरा उभे राहा. संध्याकाळी काळारामाला या. आता कुणीही आत जातं, कुणी अडवत नाही. दर्शन घ्यायचं तर घ्या, नसेल घ्यायचं तर नका घेऊ. पण उत्तर दरवाजानं बाहेर पडा आणि तिथे एक मिनिट थांबा. बरोबर लहान मुलं असतील तर त्यांना सांगा, इथे कोण बसलं होतं आणि कशासाठी. मडक्याचंही सांगा.